होईल ना?

जगांत असा एकहि धंदा नसेल, कीं ज्यांतील कारागिरास "किती दिवस लागतील?" हा प्रश्न चुकला आहे. शिंप्याला तो विचारतात, गवंड्याला विचारतात, आणि वैद्यालाहि रोग्याची नाडी पाहून होण्यापूर्वींच विचारतात. प्रश्न अवघ्या तीन शब्दांचा. परंतु त्याचें खरें उत्तर मिळणें किती कठीण आहे, आणि तें न मिळण्यांत विचारणाऱ्याचा वांटा केवढा असतो, हें आम्हांस वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावर कळलें. आणि तेंहि ज्या विद्येशीं आमचा कधीं संबंध आला नव्हता अशा एका संगणकी कामाच्या निमित्तानें. आमचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. तेथें कवीला त्याचें काव्य कोणत्या तारखेस पुरें होईल हें विचारण्याची वेळ येत नाहीं. कारण आम्ही शिकवितों ते बहुतेक कवि केव्हांच कैलासवासी झालेले असतात. त्यामुळें काम पुरें होण्यापूर्वींची त्याची अवस्था कशी असते, हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें.

घडलें तें असें. आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची हजेरी आणि अंतर्गत परीक्षांचे गुण हीं निरनिराळ्या वह्यांत व निरनिराळ्या प्राध्यापकांच्या संगणकांत विखुरलेलीं होतीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून व्हावयाची होती. तत्पूर्वीं हा सारा पसारा एका सॉफ्टवेअरमध्यें आणावा असें ठरलें. त्यासाठीं नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद आमच्याकडे आलें. याचें कारण आमचें ज्ञान नव्हे. ज्यांना त्या विषयाचें ज्ञान होतें, त्यांनीं पुढचें ओळखून आधींच अंग काढून घेतलें होतें, इतकेंच. काम करणारा मनुष्य मात्र आमच्या ओळखीचा निघाला. तो आमचा जुना विद्यार्थी. दोन सहकाऱ्यांना घेऊन तो इंदिरानगरांत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका सदनिकेच्या पुढच्या खोलींत हा उद्योग करीत असे. मागच्या खोल्यांत त्याचें बिऱ्हाड. वडील जन्मभर छापखान्यांत जुळारी होते; आतां निवृत्त होऊन खिडकीपाशीं वर्तमानपत्र वाचीत बसत. मुलाच्या कामाच्या यंत्रांकडे ते कौतुकानें, पण दुरूनच पाहात.

जानेवारी २०२४ मध्यें आमची पहिली बैठक झाली. काय काय हवें तें आम्हीं त्यास सांगितलें. तें सांगावयास आम्हांस पाऊण तास लागला. शेवटीं आम्हीं विचारलें, "जूनपर्यंत होईल ना?" वाचकांनीं या वाक्यांतील शेवटच्या 'ना'कडे कृपा करून लक्ष द्यावें. तो एकाक्षरी शब्द तेव्हां आमच्या तोंडून सहज गेला. त्या मुलानें हातांतल्या कागदाकडे पाहिलें, मग आमच्या चेहऱ्याकडे पाहिलें, आणि तो म्हणाला, "होईल, सर." आम्ही प्रसन्न मनानें घरीं आलों.

आठ दिवसांनीं तो एक तक्ता घेऊन आला. डाव्या हातास एकाखालीं एक कामें लिहिलेलीं : गरजांची नोंद, माहितीची मांडणी, आज्ञावलीचें लेखन, तपासणी, प्राध्यापकांचें शिक्षण. वरच्या अंगास आठवडे. आणि प्रत्येक कामासमोर तें जेथें सुरू होऊन जेथें संपावयाचें, तेवढ्या लांबीची एक रंगीत पट्टी. पट्ट्यांच्या पायऱ्या डावीकडून उजवीकडे उतरत जाऊन जूनच्या पहिल्या आठवड्यांत टेकल्या होत्या. अशा तक्त्यास अमेरिकन अभियंता हेन्री गँट याचें नांव मिळालें आहे, कारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागें त्यानें तो कारखान्यांतून प्रचारांत आणला. वस्तुतः कारोल आदामियेत्स्की नांवाच्या पोलिश अभियंत्यानें त्याच्याहि पूर्वीं, १८९६ मध्यें, असाच प्रकार योजिला होता. पण त्याचें लेखन आपल्या देशभाषेंत राहिल्यामुळें जगानें तें उशिरां वाचलें. मराठींत लिहिणाऱ्यास यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. असो. आम्हीं तो तक्ता आमच्या खोलींतल्या भिंतीवर लावला. त्याच्याकडे पाहिलें म्हणजे काम अर्धें झाल्यासारखें वाटे. तक्त्याचा पहिला दोष हाच कीं, तो पाहून काम झाल्याचें समाधान मिळतें.

दिवस अगोदर मोजण्याचें शास्त्र मनुष्यानें पुष्कळ पुढें नेलें आहे. १९५८ मध्यें अमेरिकन नौदलास पाणबुडींतून सोडावयाचें पोलॅरिस हें क्षेपणास्त्र तयार करावयाचें होतें. हजारों कामें एकमेकांत गुंतलेलीं, आणि बहुतेक कामें पूर्वीं कोणीं केलेलीं नाहींत. त्या वेळीं एक युक्ति निघाली. प्रत्येक कामाविषयीं एक अंदाज न घेतां तीन घ्यावे : सर्व सुरळीत झालें तर किती दिवस, नेहमींसारखें झालें तर किती, आणि सर्वच बिघडलें तर किती. मधल्या अंदाजाची चौपट घेऊन तींत बाकीचे दोन मिळवावे व सहांनीं भागावें. ही रीत आम्हीं इंदिरानगरांत बसल्या बसल्या पडताळून पाहिली. आमच्या घराहून शहराच्या पलीकडच्या अंगास महाविद्यालयांत जावयाचें, तर वाटेंत मुंबई-आग्रा महामार्ग आडवा येतो, व त्याच्या खालचा बोगदा ओलांडावा लागतो. बोगदा मोकळा असला तर वीस मिनिटें. रोजच्यासारखी गर्दी असली तर पस्तीस. पाऊस असून बोगद्याच्या तोंडाशीं एखादा टेंपो बंद पडला तर ऐंशी. हिशेब केला तर चाळीस मिनिटें येतात. आणि इतकीं वर्षें आम्ही घरून निघतांना किती धरतों? वीस. मनुष्याच्या या खोडीस डॅनियल काहनेमन व अॅमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ मध्यें एक नांव देऊन ठेविलें आहे. त्यांचें म्हणणें असें, कीं मनुष्य पुढच्या कामाचा अंदाज करतांना त्या एका कामाच्याच कल्पनेंत रमतो. तशाच मागच्या कामांना प्रत्यक्ष किती वेळ लागला होता, तें त्याला ठाऊक असूनहि आठवत नाहीं. आमच्या बाबतींत तर तें आठवण्याचीहि गरज नव्हती. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आमच्या उशिराच्या सह्या शाईनें नोंदलेल्या आहेत.

या शास्त्राची दुसरी शाखा आम्हांस आमच्या घरींच सांपडली. कोणतें काम कशावर अडून आहे, आणि ज्यास एक दिवस उशीर झाला तर सगळ्यांसच एक दिवस उशीर होतो अशी कामांची सांखळी कोणती, हें शोधण्याची रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्युपाँ या रासायनिक कारखान्यानें रेमिंग्टन रँड कंपनीच्या साहाय्यानें बसविली. आमच्या सौभाग्यवतींनीं यांपैकीं एकाहि कंपनीचें नांव ऐकलेलें नाहीं. पण दिवाळीचा फराळ करतांना त्या प्रथम अनारशांचे तांदूळ भिजत घालतात. ते तीन दिवस भिजावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग सावलींत सुकवून कुटावयाचे, गूळ घालून मळावयाचे, आणि तो गोळा आणखी कांहीं दिवस मुरावयास ठेवावयाचा. चिवडा आदल्या दिवशीं होतो; शंकरपाळे शेजारणींनीं हात लावला तर दुपारभरांत होतात. अनारशांस मात्र घरांत दहा बायका आल्या तरी तीन दिवसांचे दोन दिवस करतां येत नाहींत. आम्हीं त्यांस तो पट्ट्यांचा तक्ता दाखविला तेव्हां त्या क्षणभर पाहून म्हणाल्या, "अहो, पण यांत भिजत काय घालायचं आहे, तें कुठें लिहिलंय?" आम्ही हंसलों. तेव्हां त्या मुलास बोलावून हाच प्रश्न विचारला असता, तर पुढचे कित्येक महिने निराळे गेले असते.

कारण आमच्या कामांतहि भिजत घालावयाची एक गोष्ट होती. विद्यार्थी, वर्ग, विषय व शिक्षक यांचे एकमेकांशीं नातें कसें, हें ठरल्यावांचून पुढची एकहि ओळ लिहितां येत नाहीं. आणि लिहिलीच, तर ती मागाहून पुसावी लागते. आम्हीं जानेवारींत त्यास सांगितलें होतें कीं, एक विद्यार्थी एका वर्गांत बसतो व त्या वर्गाचे विषय ठरलेले असतात. आमच्या आयुष्यभर तसेंच चालत आलें होतें. नवें धोरण जसजसें उलगडूं लागलें तसतसें दिसूं लागलें कीं, आतां मुख्य विषय निराळा, गौण विषय निराळा, खुला ऐच्छिक विषय तर दुसऱ्याच शाखेंतला, शिवाय कौशल्याचा विषय व भारतीय ज्ञानप्रणाली. वाणिज्याचा मुलगा एका तासापुरता कलाशाखेंत येऊन बसणार. त्याची हजेरी कोणत्या पटावर? आम्हीं हें त्यास मार्चअखेर, चहा घेतां घेतां, एक किरकोळ फेरबदल म्हणून सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला. घर बांधून होत आल्यावर पायाची दिशा बदलावयास सांगितली, हें आमच्या ध्यानीं आलें नाहीं.

दुसरें संकट तक्त्यावर नव्हतेंच. जुन्या याद्यांतील नांवें नव्या सॉफ्टवेअरमध्यें भरावयाचीं होतीं. एकाच मुलीचें आडनांव एका यादींत आधीं, दुसरींत शेवटीं; एकाच आडनांवाचें इंग्रजी स्पेलिंग तीन विभागांत तीन तऱ्हांचें. यंत्राच्या दृष्टीनें त्या तीन निराळ्या मुली. हीं नांवें एकेक पाहून जुळवितांना त्या तिघांचे तीन आठवडे गेले. या कामास तक्त्यांत पट्टी नव्हती, कारण तें काम आहे असें आम्हां कोणासच वाटलें नव्हतें. पुढें आमच्या अनुभवास आलें तें असें कीं, नोंदलेल्या कामांचा अंदाज थोडाबहुतच चुकतो. अंदाज बुडतो तो न नोंदलेल्या कामांनीं.

मे महिना आला. आम्ही विचारीत असूं, "कुठवर आलें?" उत्तर येई, "नव्वद टक्के झालें, सर." पुढच्या आठवड्यांत पुन्हां नव्वद टक्के. आमचा धीर सुटला, आणि धीर सुटलेला अध्यक्ष जें करतो तेंच आम्हीं केलें. आणखी दोन माणसें लावण्याचा आग्रह धरला, व त्यांचा खर्च समितीकडून मंजूर करून घेतला. याला आम्ही औदार्य समजत होतों. त्या दोघांना काम समजावून देण्यांत जुन्या तिघांचा निम्मा दिवस जाऊं लागला, आणि जूनहि तसाच गेला.

फ्रेडरिक ब्रूक्स नांवाचे एक गृहस्थ १९६० नंतरच्या दशकांत आय.बी.एम. कंपनींत एका प्रचंड आज्ञावलीच्या कामावर प्रमुख होते. तें काम लांबलें, खर्च वाढला, माणसें वाढविलीं, आणि काम आणखी लांबलें. त्या अनुभवावर त्यांनीं १९७५ मध्यें 'द मिथिकल मॅन-मंथ' हें पुस्तक लिहिलें. त्यांतील प्रसिद्ध सिद्धांत असा, कीं उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामांत माणसें वाढविलीं तर उशीर वाढतो. कारण माणूस आणि महिना यांचा गुणाकार करून काम मोजतां येतें, ही समजूतच खोटी आहे. कापूस वेंचावयाचा असेल तर वेंचणारांस एकमेकांशीं बोलावें लागत नाहीं. येथें प्रत्येकास प्रत्येकाशीं बोलावें लागतें. तीन माणसांत बोलण्याच्या वाटा तीन असतात. पांच माणसांत त्या दहा होतात. आम्हीं दोन माणसें वाढविलीं खरीं, पण वाटा सात वाढविल्या. हें पुस्तक त्या मुलाच्या टेबलावर होतें. तें त्यानें आम्हांस वाचावयास दिलें तें जुलै महिन्यांत. त्यापूर्वीं देण्याचें धाडस त्यास झालें नाहीं.

त्याच जुलैमधली एक रात्र. पाऊस लागला होता. जेवणानंतर आम्ही त्याच्याकडे जाब विचारण्याच्या तयारीनें गेलों. दार त्याच्या वडिलांनीं उघडलें. त्यांनीं आम्हांस आवाजावरून ओळखलें. "बसा, सर," ते म्हणाले, आणि खुर्ची चांचपून पुढें केली. खिडकीपाशीं वर्तमानपत्र घडी न मोडतां पडलें होतें. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया जूनमध्यें करावयाची ठरली होती. "त्याचं तुमच्याकडलं काम झालं कीं करूं म्हणतो," म्हातारे सहज म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. ज्या माणसानें साठ वर्षांपूर्वीं उलटीं अक्षरें जुळविण्याची नोकरी धरली व तीवर संसार केला, त्यास दोन महिने अक्षर दिसत नव्हतें; आणि त्या दोन महिन्यांचा हिशेब आमच्या भिंतीवरील तक्त्यांत कोठेंहि नव्हता.

आम्ही आंत गेलों तेव्हां जाब विचारावयाचा राहून गेला. त्या मुलासहि आमच्या चेहऱ्यावरून कांहीं तरी कळलें असावें. त्यानें खणांतून एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. तोहि पट्ट्यांचाच तक्ता होता, पण कच्चा, पेन्सिलीनें काढलेला. त्यांत प्रत्येक कामापुढें तीन अंदाज होते. जुन्या नांवांच्या साफसफाईस पट्टी होती. नियम बदलल्यास काय, यासाठीं एक मोकळी जागा ठेविली होती. पट्ट्या ऑक्टोबरच्या मध्यावर संपत होत्या. वर कोपऱ्यांत तारीख होती : आमच्या पहिल्या बैठकीचा दुसरा दिवस.

"हें तूं आम्हांस तेव्हांच कां दाखविलें नाहींस?"

तो थोडा थांबून म्हणाला, "सर, तुम्ही 'होईल ना' म्हणालांत."

आम्ही घरीं परतलों. त्या रात्रीं आम्हांस जो विचार सुचला, तोच आज येथें सांगावयाचा आहे. बाकी सर्व प्रस्तावना समजावी. आम्हीं तोंवर असें धरून चाललों होतों कीं, अंदाज चुकतो तो अंदाज करणाऱ्याच्या अज्ञानामुळें. पण या प्रकरणांत अज्ञान नव्हतेंच. खरा अंदाज पहिल्या आठवड्यांत तयार होता. तो आमच्यापर्यंत पोंचला नाहीं इतकेंच. आम्हीं जें मागितलें होतें तें त्याचें मत नव्हतें, त्याची संमति होती. आणि गुरूनें मागितलेली संमति शिष्य नाकारीत नाहीं, गिऱ्हाइकानें मागितलेली धंदेवाला नाकारीत नाहीं, वडील माणसानें मागितलेली धाकटा नाकारीत नाहीं. आम्ही त्याच्यापुढें हीं तिन्ही नातीं घेऊन बसलों होतों. आपल्याकडे नकार देणें हा उद्धटपणा समजतात. त्यामुळें आपल्याकडील होकारास किंमत राहिली नाहीं. जेथें नाहीं म्हणण्याची सोय नसते, तेथें 'होईल' याचा अर्थ 'आपण बोललांत, मी ऐकलें' एवढाच उरतो.

येथें कोणी म्हणेल, मग तारीख मागूंच नये कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. तारीख मागतां येते व पाळतांहि येते. याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. अमेरिकेनें महासंगणक देण्यास आडकाठी केल्यावर १९८८ मध्यें पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख. मुदत तीन वर्षें आणि खर्च तीस कोटि रुपये असें बांधून दिलें होतें. आणि १९९१ मध्यें 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. हें साधलें याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं, काय करावयाचें नाहीं हें त्यांनीं आधीं ठरविलें. संगणकाचा मूळ गणकघटक आपण घडवावयाचा नाहीं. तो इंग्लंडांतील इनमॉस कंपनीचा तयार मिळतो तो घ्यावयाचा, आणि असे अनेक घटक जोडून त्यांच्याकडून एकाच वेळीं काम कसें करवून घ्यावयाचें, एवढ्यावरच बुद्धि खर्चावयाची. गंमत अशी कीं, या यंत्रापुढेंहि माणसांचीच अडचण असते. जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ मध्यें दाखवून दिलें आहे कीं, कामाचा दहावा हिस्सा जर एकामागून एकच होण्याजोगा असेल, तर यंत्रें कितीहि जोडलीं तरी वेग दसपटीच्या पलीकडे जात नाहीं. अनारशांचा न्याय यंत्रासहि चुकलेला नाहीं.

आणि ज्या गांवांत आम्ही राहातों त्यास तर न हलणारी तारीख म्हणजे काय, हें निराळें शिकविण्याची गरज नाहीं. गुरु सिंह राशींत आला कीं सिंहस्थ येतो. गुरूकडे अर्ज करून मुदत वाढवून घेतां येत नाहीं. २०२७ च्या सिंहस्थांतील पहिल्या अमृतस्नानासाठीं २ ऑगस्ट हा दिवस जाहीर झाला. त्या दिवसापर्यंत होईल तें काम, न होईल तें नव्हे. असल्या कामांत तारीख हलत नसल्यामुळें दुसरें कांहीं तरी हलावेंच लागतें, आणि तें काय हलवावयाचें हें अगोदर उघडपणें ठरवावें लागतें. तें न ठरलें तर त्याची किंमत कोण देतें, हेंहि या गांवानें पाहिलें आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं पर्वणीच्या गर्दींत चेंगरून ३९ भाविक मृत्यु पावले. आमचें सॉफ्टवेअर ही त्यापुढें अगदींच क्षुल्लक गोष्ट. पण न्याय तोच. तारीख बांधली तर काम सैल सोडावें, काम बांधलें तर तारीख सैल सोडावी. दोन्ही बांधलीं म्हणजे कोठें तरी माणूस आवळला जातो, आणि तो बहुधा मागच्या खोलींत बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं समितीपुढें तो पेन्सिलीचा तक्ता ठेविला व चूक आमची असल्याचें सांगितलें. हें सांगणें आम्हीं समजलों होतों तितकें अवघड गेलें नाहीं. सभासदांपैकीं दोघांनीं तर तें आपणांस पूर्वींच ठाऊक असल्याचें सांगितलें. मग कामाचे तुकडे केले. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील युटा राज्यांत स्नोबर्ड येथें सतरा सॉफ्टवेअरकार जमले होते व त्यांनीं एक जाहीरनामा काढला होता. त्याचें सार आम्हीं त्या मुलाकडून समजून घेतलें तें असें : वर्षभराचा तक्ता आंखून त्यास चिकटून राहाण्यापेक्षां लहानसा उपयोगी भाग करावा, तो वापरणाऱ्याच्या हातीं द्यावा, काय चुकलें तें पाहावें, आणि मग पुढचा भाग आंखावा. त्याप्रमाणें दर पंधरा दिवसांनीं आम्ही भेटूं लागलों. नव्या दोन माणसांकडे नांवांची साफसफाई सोंपविली, कारण त्या कामांत फार बोलावें लागत नाहीं. ऑगस्टअखेर एका शाखेची हजेरी सुरू झाली. गुण नोव्हेंबरांत आले. पालकांच्या भ्रमणध्वनीवर आपोआप निरोप जाण्याची जी सोय आम्हीं जानेवारींत मोठ्या हौसेनें मागितली होती, ती कायमची वगळली. तिच्यावांचून कोणाचें कांहीं अडल्याचें आमच्या कानीं नाहीं. तक्ता आम्हीं टाकला नाहीं. मात्र त्याच्याकडे पाहाण्याची दृष्टि बदलली. ठरल्याप्रमाणें घडेल म्हणून तो काढावयाचा नसतो. ठरल्याप्रमाणें घडत नाहीं हें लवकर दिसावें म्हणून काढावयाचा असतो. बुडत असल्याची खूण जूनऐवजीं फेब्रुवारींत दिसली, तर तेवढ्यासाठींच त्याचा कागद कारणीं लागला.

भेटीच्या पहिल्या दिवशींच आम्हीं त्या मुलास एक गोष्ट निक्षून सांगितली होती : वडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख पहिली लिही, आणि आमचीं कामें तिच्या भोंवतीं बसव. डोळ्यांच्या डॉक्टरांनीं पाऊस सरूं द्या म्हटल्यामुळें ती ऑक्टोबरांत झाली. एका डोळ्याची आधीं, दुसऱ्याची महिन्यानें.

डिसेंबरांत एका सकाळीं आम्ही म्हाताऱ्यांस भेटावयास गेलों. ते खिडकीपाशीं वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मुद्रणाच्या दोन चुका त्यांनीं पेन्सिलीनें वर्तुळ करून ठेविल्या होत्या, त्या आम्हांस दाखविल्या. मग चष्मा काढून त्यांनीं विचारलें, "सर, तुमचं तें काम झालं का हो?"

होत आलें आहे, असें म्हणण्यासाठीं आमचे ओंठ सवयीनें हललेहि असतील. पण आम्हीं सांगितलें, "नाहीं, काका. एक भाग राहिला आहे. मार्चच्या आंत तो होणार नाहीं."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले, आणि पान उलटून पुढें वाचूं लागले.